वारं लागलं, एवढंच

हे मी मोबाइलवर डाव्या अंगठ्याने टाइप करतो आहे. त्यामुळे चुका होतील आणि वाक्यं तुटक येतील. उजवा हात मांडीवर आहे. तो माझाच आहे, पण सध्या पाहुण्यासारखा वागतो.

आमच्या सलमाबादच्या लेबर कॅम्पात निम्मे लोक सायकलवर कामाला जातात. त्यातल्या मराठी वाचणाऱ्या आठ-दहा जणांसाठी आणि गावाकडे त्यांच्या फोनची वाट बघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. फ्रीझर दुरुस्त करणारा टेक्निशियन आहे, म्हणजे होतो. माझं नाव देवानंद. गाव अकोला जिल्ह्यात. बहरीनमध्ये तेरावं वर्ष चालू आहे.

थंडी

गावाकडे कुणालाही सांगा की इथे थंडी वाजते, लोक हसतात. आखातात कसली थंडी? त्यांनी जानेवारीत पहाटे साडेपाच वाजता सायकलवर बसून बघावं. उत्तरेकडून वारं सुटतं. अरबी लोक त्याला शमाल म्हणतात. समुद्राची ओल आणि बारीक वाळू, दोन्ही घेऊन ते येतं. एखादा पाऊस पडून गेला की गोदामांमधल्या रस्त्यांवर पाणी तुंबतं आणि आठवडाभर हलत नाही. मी आत दोन बनियन, छातीवर वर्तमानपत्राची घडी, वरून जॅकेट, पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि डोक्याला बायकोने विणलेली माकडटोपी अशा अवतारात निघायचो. हँडलवरची बोटं पाच मिनिटांत बधिर व्हायची.

कंपनीची बस होती. पण ती सगळ्या कॅम्पांना वळसा घालून सित्राला माणसं सोडायची आणि मग आमच्या वर्कशॉपकडे यायची. सायकलने मी वीस मिनिटांत पोहोचायचो. शिवाय दिवसभर या गोदामातून त्या गोदामात जायला सायकलच बरी. मागे कॅरिअरला हत्यारांची बॅग बांधलेली. इथे बर्फ पडत नाही, बर्फ आम्ही बनवतो. उणे वीसच्या खोलीत शिरायचं, पाइपांवरचा बर्फ खरवडायचा, बाहेर यायचं आणि घामेजल्या अंगाने पुन्हा वाऱ्यात सायकल हाणायची. त्यामुळे आमच्यात काहीही झालं, मान धरली, डोकं दुखलं, ताप आला, की एकच निदान ठरलेलं. हवा लगी.

मला ब्लड प्रेशर आहे हे दोन वर्षांपूर्वीच्या मेडिकलमध्ये कळलं होतं. गोळ्या आणल्या होत्या. डोकं दुखलं की घ्यायचो, नाही दुखलं की नाही. हे मूर्खपणाचं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

ती सकाळ

उठलो, ब्रश केला, चूळ भरली तर पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं. ओठ एका बाजूला उतरला होता. चहाचा कप उजव्या हाताने उचलला तो बनियनवरच उपडा झाला.

माझा रूममेट शाजी केरळचा आहे, वेल्डर. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"भाई, आपका मुँह टेढ़ा हो गया."

"हवा लगी," मी म्हणालो. "कल सायकल पे बहुत हवा था."

त्याला ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. त्याने बामची बाटली काढली आणि माझा गाल चोळायला लागला. चोळतोय हे दिसत होतं, जाणवत मात्र काही नव्हतं. मी ते त्याला सांगितलं नाही.

सव्वापाचला कुंदाचा, माझ्या बायकोचा, व्हिडिओ कॉल आला. रोज याच वेळी येतो. अकोल्यात तेव्हा पावणेआठ वाजलेले असतात, मुलगी कॉलेजला गेलेली असते. मी फोन डब्याला टेकवून ठेवला.

"जय भीम," ती म्हणाली.

आमच्याकडे फोन असाच सुरू होतो. मी उत्तर द्यायला गेलो. जय नीट आलं. भीम मात्र आलं नाही. ओठ मिटलेच नाहीत, नुसती हवा बाहेर पडली.

"तोंडात काय हाय तुमच्या?"

"काही नाही. सायकलवर वारं लागलं."

तिने फोन जवळ धरला. ती माझ्याकडे बघत राहिली.

"वारं लागलं का वारं गेलं? नीट सांगा मले."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. तिच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि ते सहा वर्षं खाटेवर होते. या दोन शब्दांमधला फरक तिच्याइतका कुणाला कळणार?

"लागलं म्हटलं ना," मी चिडलो.

"मंग दोन्ही हात वर करा. मले दाखवा."

"ड्युटीला उशीर होऊन राहिला, कुंदा."

"एक मिनिट लागते. करा वर."

मी खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर होता. मी त्याला ऊठ म्हणालो, तो उठला नाही. मार्चमध्ये माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता, त्याआधी मेडिकल होतं आणि हातातून पाना सुटणाऱ्या टेक्निशियनला कुणी ठेवत नाही. त्या क्षणी मला बायको दिसत नव्हती, तो मेडिकलचा कागद दिसत होता. मी "नेट कट होतंय" असं म्हणालो आणि डाव्या अंगठ्याने फोन बंद केला. मग त्याच अंगठ्याने मेसेज टाकला, नेट गेलं, ड्युटीवर निघतो.

नेट व्यवस्थित होतं.

चिखल

त्यानंतर मी सायकल काढली. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते, पण काढली. डाव्या हाताने उजवा हात उचलून हँडलवर ठेवला, एकेक बोट दांडीभोवती वळवलं, वरून हातमोजा ताणून बसवला. शाजी म्हणाला, आज मत जाओ भाई. मी म्हणालो, जाके गरम चाय पियूँगा, ठीक हो जाएगा. हे तो अर्धंच समजला, कारण माझं बोलणं तेव्हाच घसरायला लागलं होतं.

वारं समोरून होतं. सायकल सारखी उजवीकडे ओढायची. उजवा पाय पॅडलवरून दोनदा निसटला. मनात एकच हिशेब होता, वर्कशॉपपर्यंत गेलो तर मी ठीक आहे. नाही गेलो तर नाही. वर्कशॉपच्या आधीच्या वळणावर तुंबलेल्या पाण्यात सायकल शिरली आणि मी आडवा झालो. उठता येईना. डोळ्यांत चिखल गेला होता आणि माकडटोपीत गार पाणी शिरत होतं. मी मरणाला भ्यालो नाही. कुणी आपल्याला असं पडलेलं पाहील याला भ्यालो.

एका पाकिस्तानी ट्रकवाल्याने उचललं. "भाई साहब, बात करो, नाम बताओ," असं तो सारखं विचारत होता. तो मला दवाखान्यात नेत होता. मी डाव्या हाताने वर्कशॉपकडे बोट दाखवत राहिलो. शेवटी तो बिचारा मला तिथेच सोडून गेला. मित्रांनी बाकावर निजवलं, हीटर लावला, अंगावर फ्रीझरची जाड जॅकेटं घातली, चहा पाजला तो गालातून बाहेर आला. सगळे म्हणाले, हवा लगी. मीच शिकवलं होतं ना. मला जपणारी ती माणसं, आणि माझ्यासकट सगळ्यांनी मिळून माझे चार तास घालवले.

आमचा फोरमन अबू हसन बहरीनी आहे. तो साडेदहाला साइटवरून आला, माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि ओरडला, "मुस्तश्फा! यल्ला, यल्ला!" मुस्तश्फा म्हणजे इस्पितळ, यल्ला म्हणजे चला लवकर. त्याने मला स्वतःच्या गाडीत घातलं. माझ्या कपड्यांचा चिखल त्याच्या पांढऱ्या सीटला लागला आणि मी त्याही अवस्थेत ते पुसायचा प्रयत्न करत होतो.

टाइम खलास

सरकारी इस्पितळात मला मशीनमध्ये घातलं, काढलं, पुन्हा घातलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बहरीनी. त्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होत्या आणि केरळची एक नर्स तो हिंदीत सांगत होती.

"भैया, लास्ट टाइम पूरा ठीक कब था?"

रात्री झोपताना ठीक होतो. उठलो तेव्हा नव्हतो. मी बोटांनी कसंबसं सांगितलं. दोघी आपसात बोलल्या.

"दिमाग में खून का नस बंद हुआ है," नर्स म्हणाली. "एक इंजेक्शन होता है. उसका टाइम खलास हो गया."

इथे खलास दिवसातून शंभरदा ऐकतो. जेवण खलास, ड्युटी खलास, बात खलास. तेरा वर्षांत मी तो शब्द मराठीत ऐकायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी तो मला अकोल्याच्या मराठीत ऐकू आला.

पुढे कितीतरी दिवसांनी, बोलता यायला लागल्यावर, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पहाटेच आलो असतो तर? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित काही करता आलं असतं. त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नक्कीच वाचला असता हात, असं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. हे 'कदाचित' फार वाईट आहे. ते जात नाही.

वॉर्ड

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. प्रेशर, साखर, टॉर्चने डोळे. मग अंगाला स्पंज. स्पंज करणारा नेपाळी वॉर्डबॉय गाणं गुणगुणत करायचा, त्यामुळे त्याच्यासमोर लाज कमी वाटायची. नाश्त्याला ब्रेड, उकडलेलं अंडं आणि दह्याचा घट्ट गोळा. गिळायला भीती वाटायची. पाणीसुद्धा दाटसर करून चमच्याने द्यायचे. चाळीस वर्षं मी पाणी काही विचार न करता पीत आलो होतो.

शेजारच्या पलंगावर एक म्हातारे बहरीनी होते. त्यांचे मुलगे रोज थर्मासमधून कहवा आणि खजूर आणायचे. मला कहवा चालत नव्हता, तरी ते खजूर बोटांनी कुस्करून माझ्या डाव्या हातात ठेवायचे. मी हात बरा होईल का असा चेहरा केला की म्हातारे म्हणायचे, इंशाल्ला. डॉक्टरही इंशाल्ला म्हणायच्या. मला त्या शब्दाचा राग यायचा आणि तो ऐकल्याशिवाय झोपही येत नसे.

कुंदा रोज फोन करायची. शाजी ड्युटीनंतर यायचा आणि फोन माझ्या कानाला लावायचा. मी नुसता हुंकार द्यायचो. खरं सांगायचं तर अकरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही ते जीभ जड होती म्हणून नाही. तिने जय भीम म्हटल्यावर मला जय भीम म्हणता येत नव्हतं. घरात बोलायला शिकल्यापासून जे तोंडात आहे तेच तोंडाने टाकून दिलं, याची मला शरम वाटायची. व्यायाम शिकवणारी मुलगी प, ब, म करून घ्यायची. ओठ मिटा, फुगवा, सोडा. शेवटी मी एक युक्ती काढली. डाव्या अंगठ्याने खालचा ओठ वर दाबून धरायचा आणि म्हणायचं. बाराव्या दिवशी तसं म्हणालो. शाजीने फोन माझ्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावला. मग म्हणाला, भाभी रो रही है.

त्यानंतर बोलणं सुरू झालं आणि भांडणही.

"मी तवाच म्हटलं होतं तुमाले, हात वर करा."

"नेट गेलं त्याले मी काय करू?"

यावर ती गप्प बसायची. ती गप्प बसली की मी जास्तच चिडायचो. आपलं आजारपण घरच्यांना दुरून सोसावं लागतं, याची दया यायला हवी. मला तिचा रागच यायचा, कारण तिचं खरं होतं.

पॅड

पाटणकर साहेब पुण्याचे, आमच्या कंपनीत इंजिनिअर. माणूस सभ्य आहे. अदलियाच्या ऑफिसातून मला दोनदा भेटायला आले. दुसऱ्यांदा फाइल घेऊन आले.

"देवानंद, मेडिकल अनफिटचा शेरा आलाय," ते म्हणाले. "मी खूप प्रयत्न केला. स्टोअरमध्ये बसवायला विचारलं. नाही म्हणाले. तुमचा सगळा हक्काचा पैसा आणि तिकीट मिळेल, ते मी बघतो. इथे सही लागेल."

मी उजव्या हाताकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी बॅगेतून निळं पॅड काढलं आणि झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"अंगठा चालेल. मी विचारून घेतलंय."

ते चांगुलपणानेच म्हणाले, हे मला माहीत आहे. पण माझा बाप पंचावन्नाव्या वर्षी सही शिकला होता. रेशन दुकानदार सवयीने पॅड पुढे सरकवायचा आणि बाप ते परत सरकवून पेन मागायचा. मागे रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे, तरी तो एकेक अक्षर काढून पूर्ण नाव लिहायचा. आमच्या घरात त्यानंतर कुणी अंगठा लावला नाही.

"पेन द्या, साहेब," मी म्हणालो. प कसाबसा आला.

"अहो, उगाच कशाला त्रास..."

"पेन."

त्यांनी दिला. शाजीने कागद धरला. डाव्या हाताने मी देवानंद लिहायला किती वेळ घेतला माहीत नाही. द उलटा निघाला, न दोन रेघांमधून बाहेर गेला. घाम फुटला. पाटणकर साहेब खिडकीबाहेर बघत उभे होते. मी माझ्या तेरा वर्षांच्या नोकरीवर फुली मारणारा कागद सही करून दिला, आणि आनंद झाला. रडूही आलं. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नका.

साहेबांनी पॅड बॅगेत घालताना म्हटलं, "सॉरी, देवानंद." मला वाटतं त्यांना ते तेव्हा कळलं.

ब्रेक

फेब्रुवारीच्या शेवटी कॅम्पावर परत आलो. काठीने चालतो. पाय बराच सुधारला, हात खांद्यापर्यंत उठतो, पण बोटं काही धरत नाहीत. माझी सायकल शाजीने धुऊन, चेनला तेल घालून जिन्याखाली ठेवली होती.

एका शुक्रवारी मी त्याला म्हणालो, बिठाओ. तो नको नको म्हणत होता. शेवटी कॅम्पाच्या आवारात त्याने मागून कॅरिअर धरलं आणि मी बसलो. पॅडल मारलं. तोल राहिला. वारं आता ओसरलं होतं, ऊन होतं. दहा-पंधरा पावलं गेल्यावर शाजीने हात सोडला हे मला कळलं, आणि मी खरंच सायकल चालवत होतो.

समोर भिंत आली. उजव्या हाताला दाब म्हणालो. तो हँडलवर ठेवला होता तसाच होता. शाजीने धावत येऊन मला सायकलसकट मिठी मारली म्हणून वाचलो. सायकल मला अजून चालवता येते, थांबवता येत नाही. त्याच दिवशी मी ती शाजीला देऊन टाकली. तो घेत नव्हता. मी म्हणालो, घे, फक्त प्रेशरची गोळी रोज खाऊन बस तिच्यावर. त्याला प्रेशर नाही. तरी तो तपासून आला.

शेवटचा आठवडा

गुरुवारी माझं विमान आहे. काल सकाळी कुंदाचा फोन आला तेव्हा मी फोन डब्याला टेकवला, त्या दिवसासारखाच. ती मेथी निवडत होती. नागपूरला कोण घ्यायला येणार, व्हीलचेअर सांगितली का, असं चाललं होतं. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मुलगी घरीच होती, मागून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, हे पोटात घेऊन मी घरी गेलो तर तिथे सहा वर्षं खाटेवर पडल्यासारखंच होईल.

"कुंदा, त्या दिवशी नेट गेलं नव्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन काड्या तिने निवडून बाजूला ठेवल्या.

"मले माहीत हाय."

"कसं काय?"

"तुमचा अंगठा दिसला होता. फोनजवळ आला, एवढा मोठा. मंग सगळं काळं झालं."

आता ती चिडेल आणि मी ऐकून घेईन, असं ठरवलं होतं. पण तिचा आवाज बारीक झाला.

"तुमच्या फोरमनचा नंबर होता मायाजवळ. काढून बसली होती. वाटलं, बायकोनं कामावर फोन केला तर चार लोकायत तुमची शोभा होईन. वारंच लागलं असंन. दुपारपावतर नंबर घेऊन बसली मी."

दोन महिने ती हे घेऊन बसली होती. मी नेट गेलं नेट गेलं म्हणत होतो आणि ती गप्प राहत होती, ती यासाठी.

मग तिने मेथीचं सुपडं खाली ठेवलं, फोन कशाला तरी टेकवला आणि स्वतःचे दोन्ही हात वर केले. हातांना मेथीची माती होती.

"आता तुम्ही," ती म्हणाली.

मी हात वर केले. डावा सरळ गेला. उजवा खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"असेच थांबा. पाहू द्या मले."

मी थांबलो. फोन चालू होता.